जोडाखालचा फुटवा

कृषी सहाय्यक म्हणून बोईसरला नेमणूक झाली तेव्हा मी जरा हवेतच होतो. एडवणच्या वाडीत, आंब्याच्या कलमांत वाढलेला माणूस. मला झाडातलं कोण शिकवणार? नव्वदीनंतरची ती वर्षं. रोजगार हमीतून फळबाग लावायला सरकार अनुदान देत होतं. खड्डे, कलमं, खत, राखण, सगळ्याचे पैसे मिळत, पण हप्त्याहप्त्याने. दर वर्षी तपासणी व्हायची आणि पुरेशी कलमं जगलेली दिसली तरच पुढचा हप्ता सुटायचा.

बेटेगावच्या पलीकडे डोंगरउतारावर एका जोडप्याने हापूसची चाळीस कलमं लावली होती. दर दिवाळीनंतर दोघं वीटभट्टीवर कामाला जात. त्या घरच्या बाईंना मी वहिनी म्हणायचो. त्यांच्या मनाने घेतलं होतं, की दुसरा हप्ता मिळाला तर पुढच्या दिवाळीला भट्टी नाही. उन्हाळाभर घरी राहायचं.

पुढच्या श्रावणात मी पाहायला गेलो. लांबून बाग इतकी हिरवीगार दिसली, की मी स्वतःचीच पाठ थोपटली. जवळ जाऊन वाकलो आणि डोकंच फिरलं. निम्म्या झाडांची जोडावरची, म्हणजे कलम बांधलेल्या जागेवरची हापूसची काडी वाळून गेली होती, आणि जोडाखालून, रायवळ कोयीच्या बुंध्यातून फुटवे कमरेएवढे वाढले होते. त्यांना हापूस लागणार नव्हता, आणि तपासणीत ती कलमं म्हणून मोजली जाणार नव्हती.

"हे काय केलंत? खालचा फुटवा दिसला की खुडायचा, सांगितलं होतं ना?" मी ओरडलोच.

वहिनी म्हणाल्या, "सायब, तुमीच बोलले, एक पन झाड मरला नाय पायजे. आमी भाताच्या रोपांसाठी राब भाजाला ऐनाच्या झाडाच्या फांद्या तोडतो, तवा खालून फुटला का झाड जगला. जित्ता फुटवा कापाचा कसा?"

खरं सांगायचं तर कलमं वाटताना, भर पावसात, माणसांच्या घोळक्यात ती सूचना मी एका दमात उरकली होती. चूक माझी, आणि भट्टीवर जायची पाळी त्यांच्यावर. मला फार लाज वाटली.

रविवारी आमच्या वाडीतल्या हापूसच्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन गेलो. रायवळाने मुळं चांगली धरली होती, म्हणून त्याच्यावरच जागेवर पाचर कलम करायचं ठरवलं. एक जोमदार फुटवा ठेवायचा, त्याचा शेंडा छाटून चीर द्यायची, काडी तासून चिरेत बसवायची आणि प्लास्टिकची पट्टी आवळायची. पहिली सात मी बांधली. मग वहिनींनी सुरी मागितली. "द्या इकडं. तुमचा हात लय घाई करतो."

तीन आठवड्यांनी पाहिलं तर माझ्या सातांतली दोन जगली होती. बाकीची वहिनींनी बांधलेली; ती मात्र दोन सोडून सगळी तांबूस पालवीवर होती. त्यांचा नवरा मिशीत हसला. मीही हसलो, काय करणार!

दिवाळीआधी तालुक्याचे साहेब तपासणीला आले. बुंधे न्याहाळून म्हणाले, "ही सगळी नर्सरीची कलमं नाहीत." वहिनी पदराचं टोक पिळत उभ्या होत्या. मी सगळं खरं सांगून टाकलं, माझ्या चुकीसकट. साहेब उकिडवे बसले आणि एकेक जोड बोटांनी चाचपू लागले.

"बांधली कोणी?"

"या वहिनींनी."

साहेब उठून म्हणाले, "झाड आंब्याचं आहे, कलमी आहे, जिवंत आहे. मोजा."

दिवाळी झाल्यावर हप्त्याच्या कागदांवर सह्या घ्यायला गेलो, तर पाड्यात भट्टीचा ट्रक उभा होता. गोधड्या, टोपं, कोंबड्या वर चढत होत्या. मुकादम या दोघांच्या दारात उभा राहून हाका मारत होता. वहिनी डोक्यावर हंडा घेऊन बाहेर आल्या आणि त्याच्या बाजूने सरळ उताराकडे चालू लागल्या.

"तुमी जावा," त्या न थांबताच म्हणाल्या. "आमाला बागेत काम हाय."