वहिनीने बाक वाजवलं तेव्हा

आमची वहिनी भित्री. पाल दिसली तर खोली सोडेल, आणि दारात दादाच्या चपला वाजल्या तर शिलाई मशीनवरचा तिचा पाय थांबेल. अशा बाईला दादाने नगरपालिकेच्या निवडणुकीला उभं केलं. तो स्वतः दोनदा पडला होता, आणि घरात सगळ्यात मुकाट्याने ऐकणारं माणूस तीच. तिच्या हातचे कपडे निम्म्या वस्तीच्या अंगावर, त्यामुळे ती आलीसुद्धा निवडून. दादा माझा थोरला भाऊ, वहिनी धाकट्याची बायको. आम्ही सगळे दादाच्या घरात राहतो, धाकटा दादाचाच मातीचा ट्रक चालवतो. थोडक्यात, मीठ त्याचं आणि छप्परही त्याचंच.

सभेची एक रीत आहे. अध्यक्ष विषय वाचतात, सभासद बाकं वाजवतात, विषय मंजूर. ज्याचा विरोध असेल त्याने उभं राहायचं. दादा भावजयीशी थेट बोलत नाही, म्हणून मलाच त्याचा निरोप तिला सांगावा लागला होता: बाकं वाजली की तूही वाजव. तिने ती इमानाने वाजवली. मी तिला चिडवायचे की तुला नगरसेविका कोण म्हणेल, तू तर आमची ढोलकीवाली. तीही हसायची.

मग नदीकाठच्या मैदानाचा विषय आला. ते मोकळं राखलेलं मैदान बांधकामाला द्यायचं होतं, आणि तिथे भराव टाकण्याचं काम दादाला मिळणार होतं. मैदानामागच्या खोलगट गल्लीत वहिनीचं माहेर. वडील अंथरुणाला खिळलेले. नदी फुगली की पाणी आधी मैदानावर पसरतं, म्हणून गल्ली वाचते. मैदान उंच झाल्यावर ते पाणी कुठे शिरेल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

एका जरी सभासदाने विरोध नोंदवला तर असा ठराव आधी लोकांच्या सुनावणीला जातो, असं वहिनीने मला सांगितलं. सांगताना ती सुईत दोरा ओवत होती आणि तो काही केल्या जाईना. मी म्हटलं, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, गप बस. मला तिची काळजी होती हे खरं, पण त्याहून जास्त माझ्या डोक्यावरच्या छपराची होती.

सभेच्या दिवशी मी दादाशेजारी वरच्या सज्जात बसले होते. अध्यक्षांनी मैदानाचा विषय वाचला. बाकं वाजली, आणि वहिनीचा हातही सवयीने बाकावर पडला. दादाने समाधानाने मान हलवली. मला हायसं वाटलं, आणि लगेच स्वतःचीच किळस आली. तेवढ्यात वहिनी उभी राहिली.

अध्यक्ष हसले. "बाई, हाताने मंजूर आणि पायाने नामंजूर? आमच्या कारकुनाने लिहायचं काय?"

सभागृहात खसखस पिकली. वहिनीने दोन्ही हातांनी बाकाची कड धरली होती.

"हात भीतीने वाजला," ती म्हणाली. "माझा विरोध आहे. तो लिहा."

हसू विरलं. कारकुनाने आधी अध्यक्षांकडे पाहिलं, मग वर दादाकडे, आणि शेवटी लिहिलं. दादा ओरडला नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. घरी आल्यावर तो जेवला, हात धुतले, आणि मग मला म्हणाला, "तिला सांग, मशीन बापाच्या घरी हलव." वहिनी चार हातांवर उभी होती. धाकट्याने ताटावरून मान वर केली नाही. मी दादाचं ताट उचललं.

वहिनी माहेरी गेली. सुनावणी अजून व्हायची होती, तरी मैदानाच्या कडेला मातीचे ढीग दिसायला लागले. भराव एकदा पडला की सुनावणी कसली घेणार, हा दादाचा हिशोब. मी संध्याकाळी तिला भेटायला गेले तर ती वडिलांची खाट विटांवर चढवत होती. बाहेर ट्रकचा आवाज आला. तिने तो ओळखला, हातातली वीट खाली ठेवली आणि चालू लागली. मी मागोमाग.

धाकटा ट्रक मागे घेत होता. वहिनी सरळ त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. चाकं थांबली, पण इंजिन घुरघुरत होतं आणि मातीने भरलेला हौदा तिच्या डोक्यावर आला होता. नुसता खटका ओढायचा अवकाश, की सगळी माती तिच्या अंगावर.

"बाजूला हो गं," धाकटा खिडकीतून म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "दादा फोनवर आहे."

"असू दे. मीपण घाबरलेय," वहिनी म्हणाली, आणि हलली नाही.

मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. कशी गेले, देव जाणे. फोनमधून दादाचा आवाज आम्हाला खालपर्यंत ऐकू येत होता. टाकली का, टाकली का, असं तो विचारत होता. जन्मापासून धाकट्याने आणि मी त्या आवाजाला 'हो'च म्हटलं आहे.

धाकट्याने इंजिन बंद केलं.

"नाही दादा," तो म्हणाला, आणि लहान मुलासारखा रडू लागला.