डोकेवाली गाडी

“डोस्का मोठा देलाय बाप्पा, पाय काई देले नाई.”

हे वाक्य मी खिडकीतून ऐकलं. आमच्या डोळ्यांच्या दवाखान्याच्या अंगणात नवी गाडी आली होती. चाकांखाली लिंबं ठेवली होती, दवाखान्याचे मोठे डॉक्टर, आमचे सर, स्वतः नारळ फोडत होते, आणि सगळ्यांच्या मागे उभे राहून आमचे ड्रायव्हर काका चौकीदाराच्या कानात हे सांगत होते. चौकीदार हसला. काका हसले नाहीत. ते खाली वाकले आणि गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच आहे ते वितीनं मोजू लागले. माप मनासारखं आलं नसावं, कारण त्यांनी पुन्हा मोजलं.

त्या दिवसापासून दवाखान्यात तिला सगळे ‘डोकेवाली गाडी’ म्हणू लागले. तिच्यात कॉम्प्युटर होता ना.

गोंदियाच्या त्या दवाखान्यात मी डोळे तपासायचं काम करायचे. महिन्यातून दोनदा आम्ही दरेकशाच्या पलीकडे, जंगलातल्या गावांत शिबिराला जायचो. मोतीबिंदूचे पेशंट गाडीत बसवून आणायचे, ऑपरेशन झालं की परत नेऊन सोडायचे. ती सगळी वाट मी काकांच्या शेजारच्या सीटवर बसून पाहिली. माझी शाळा इंग्रजी, घरात हिंदी आणि मराठीची खिचडी, आणि मुळात माझं बोलणंच कमी. काका म्हणायचे, “म्याडम, तुमी बसल्या हाय का मांगंच उतरल्या, काई समजत नाई.”

मी नुसती हसायचे. तेही बहुतेक त्यांना दिसत नसावं.

तुम्ही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांच्या कामाला पूजेसारखा क्रम असतो. काकांचा क्रम नाल्यावर सुरू व्हायचा. वाटेत एक नाला होता, त्यावर पूल नव्हता. आमची जुनी जीप काठावर थांबवायची, चपला हातात घ्यायच्या, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळायची आणि नाला चालत ओलांडून परत यायचं. पाणी घोटाभर असलं तरी. कुणी घाई केली तर एकच उत्तर: “पान्याले पायानंच विचारा लागते.”

मग बॉनेट उघडून पंख्याचा पट्टा काढायचा, म्हणजे पंखा इंजिनावर पाणी उडवत नाही. मग धानाचं रिकामं पोतं पुढच्या जाळीवर बांधायचं, म्हणजे पाणी एकदम आत शिरत नाही. पोतं ते असं बांधायचे की जणू थंडीत नातवाला कानटोपी घालतायत. पलीकडे गेल्यावर आधी पोतं सोडायचं, नाही तर हवा अडून इंजिन तापतं, मग पट्टा चढवायचा आणि सगळ्यात शेवटी चपला.

ऑपरेशननंतर परत जाणाऱ्या म्हाताऱ्या, डोळ्यावर पट्टी असलेल्या, बॉनेटचा आवाज आला की एकमेकींना सांगायच्या, “नाला आला वाटते.”

आता तुम्हाला वाटेल, जुनी जीप म्हणजे सोनं. तसं नव्हतं. तिच्या काचा वर जात नव्हत्या. शिबिराच्या गावात पोचेपर्यंत माझे केस आणि पेशंटचे केस एकाच रंगाचे झालेले असायचे. एकदा परतीच्या वाटेवर मागच्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा, पाटा तुटला. काकांनी लाकडाचा ठोकळा अडकवून दोरानं आवळला आणि आम्ही बैलगाडीच्या चालीनं गोंदियाला आलो. दोन म्हातारे सगळी वाट ओकत होते. काकांनी सीट स्वतः धुतली. धुता धुता पुटपुटत माफी मागत होते. म्हाताऱ्यांची की जीपची, ते मला कळलं नाही.

तर नवी गाडी आली आणि सरांनी ठरवून टाकलं की दिवाळीनंतर जीप विकायची. जंगलाच्या वाटेवर नवी गाडी चालली तर शिबिर चालू राहील. नाही चालली तर पेशंटनी आपापलं रेल्वेनं गोंदियाला यायचं.

“ज्याले दिसतच नाई, तो टेशनापावतर येईन कसा?” काका म्हणाले.

सर म्हणाले, म्हणूनच तर एकदा नेऊन बघू. गाडी तुम्हीच चालवा. आणि माझ्याकडे वळून म्हणाले, तुम्ही दोन्ही गाड्यांत बसलेल्या असाल, आल्यावर तुम्हीच सांगा कोणती बरी. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेट्या मोजल्यासारखं केलं.

शिबिराच्या दिवशी सरही बरोबर निघाले. काका सीटच्या कडेवर बसले होते, पाहुणा परक्या घरी बसतो तसे. गाडीत धूळ नव्हती, आवाज नव्हता. खड्डे तेच होते, पण कुणी तरी मधे गादी टाकावी तसे लागत होते. मला ते आवडत होतं आणि आवडतंय याचं वाईट वाटत होतं.

नाला आला. काका उतरले, चपला हातात, चालून आले. पाणी गुडघ्याच्या थोडं खाली होतं. मग त्यांनी बॉनेट उघडलं. आत सगळीकडे काळं प्लॅस्टिकचं झाकण. पट्टा कुठे दिसेना. ते बराच वेळ पाहत राहिले आणि मग चुकून दुसऱ्याच्या घराचं दार उघडलं असावं तसं त्यांनी बॉनेट हळूच लावलं. पोतं मात्र बांधलं. सर हसले, पण अडवलं नाही.

गाडी पाण्यातून अशी गेली की माझ्या मांडीवरची भिंगांची पेटी हललीसुद्धा नाही. पलीकडे चढलो आणि समोर एक पिवळा दिवा लागला, टुंग टुंग वाजू लागलं. उतरायला निघालेले काका थांबले. आम्ही तिघंही त्या दिव्यावर वाकलो. सर म्हणाले, हा कशाचा? कुणालाच माहीत नव्हतं. मग तो आपोआप विझला. सगळ्यांना इतकं हायसं वाटलं की काकांनी चपला घातल्या आणि गाडी पुढे काढली.

पोतं जाळीवरच राहिलं.

चढावर गाडी मंदावू लागली. काका पाय दाबत होते, गाडी ऐकत नव्हती. लाल दिवा लागला. सर खाली उतरले, पुढे गेले आणि पोत्यासमोर उभे राहिले. काकाही उतरले आणि पोत्याची गाठ सोडू लागले. स्वतः मारलेली गाठ त्यांना लवकर सुटेना.

थंड झाल्यावर गाडी काहीच न झाल्यासारखी चालू लागली. शिबिरही झालं. गोंदियाला आल्यावर मेकॅनिकनं सांगितलं की इंजिन तापलेलं गाडीला समजलं आणि तिनं आपली ताकद आपणच कमी केली, नाही तर मोठा खर्च होता. सर खूश झाले. म्हणाले, बघा, तुमची चूकसुद्धा हिनं सांभाळली.

काकांनी ते मान्य केलं. एवढंच नाही, त्यांनी जीपचंही सांगून टाकलं, जे कुणी विचारलंही नव्हतं. मागे एकदा ते असंच पोतं विसरले होते तेव्हा जीपचं इंजिन बसलं होतं आणि अख्खा उन्हाळा ती गॅरेजात होती. “इनं वाचवलं. खोटं कायले बोलू.” मग थोडा वेळ त्यांनी गाडीच्या दाराकडे पाहिलं. “पन मले न विचारता? मंग मी अंदर कायले बसलो होतो?”

सर माझ्याकडे वळले. बोला, कोणती?

मी खरंच विचार करत होते. गाडी हरली की जिंकली? दिवा लागला नसता तर काका पोतं विसरले नसते. पोतं बांधलंच नसतं तर कदाचित काही झालं नसतं, किंवा नाल्यातच झालं असतं. जीप असती तर पोतं सुटलं असतं, पण पाटा तुटला असता. एक विचार धरला की दुसरा त्याला खोडून काढायचा. सर हसून म्हणाले, जाऊ द्या. वाट चालू ठेवू, हीच गाडी जाईल.

काकांना आनंद झाला. खरा आनंद. चौकीदाराला सांगत होते, “मानसं पाहतीन आता आपापल्या डोयानं.” आणि त्याच दमात म्हणाले की आपण दिवाळीपर्यंतच आहोत. सौंदडजवळ त्यांचं धानाचं वावर होतं, तिकडे जाणार. सरांनी थांबवून पाहिलं. काका म्हणाले, “गाडी चांगली हाये. तिले माही गरज नाई, इतकंच.”

जीप विकली गेली त्या दिवशी त्यांनी तिचं पोतं धुतलं आणि वाळत घातलं, तेही ऑपरेशनच्या हिरव्या चादरींच्या तारेवर. सिस्टर केवढ्या ओरडल्या. काका ओशाळून मला म्हणाले, “वाळलं का गाडीत ठेवजा, म्याडम.” मी मान हलवली. त्यांना निरोप म्हणून माझ्याकडून तेवढंच मिळालं.

पुढच्या वर्षी भादव्यात आम्ही शिबिराला निघालो. ड्रायव्हर नवा, गोंदिया शहरातला, हसरा मुलगा. पोतं माझ्या सीटखाली घडी करून होतं. नाल्याला पाणी होतं, मातकट, तळ न दिसणारं. मागे बसलेल्या, पट्टी बांधलेल्या आजी कान देऊन होत्या; त्यांचा पहिला डोळा काकांच्या वेळी झाला होता, हा दुसरा. बॉनेटचा आवाज येईना म्हणून त्यांनी विचारलं, “नाला नाई आला का अजून?”

मुलगा म्हणाला, “मैडम, इसमें सब सेन्सर है. आराम से निकल जायेगी.” आणि त्यानं गियर टाकला.

निघालीही असती कदाचित. मला आजही माहीत नाही. पण माझा हात दाराकडे गेला होता, आणि गाडीत कुणाचा तरी आवाज आला. तो माझा होता, हे मला नंतर कळलं.

“थांब. आधी पान्याले पायानं विचारू दे.”