न पडलेला दगड

"ताई, प्रज्ञा सकाळपासून फोन उचलत नाही… जरा जाऊन बघता का?" नागपूरहून तिच्या भावाचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. गाझियाबादच्या एकाच सोसायटीत आमची घरं. माझ्याकडच्या किल्लीनं दार उघडलं. ती कुशीवर झोपलेली होती, नेहमीसारखी. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. दीड महिना होत आला, तरी अजून लिफ्टमध्ये मी तिच्या मजल्याचं बटण दाबते आणि मग भानावर येते.

आमची ओळख दिल्लीत मुनिरकामधल्या भाड्याच्या खोलीतली. ती इंजिनिअरिंगचं पुढचं शिकत होती, मी भाषा. बुटांना चिखल लावून परतणारी आमच्यात ती एकटीच. माझ्या पुणेरी आमटीला ती 'गोड पाणी' म्हणायची, वर चमचाभर तिखट घालायची आणि पातेलं रिकामं करायची. हसायची तर शेजारच्या खोलीतल्या मुली भिंत वाजवायच्या.

पुढे ती डोंगरउतारांच्या कामात पडली. सुटलेला खडक रस्त्यावर येऊ नये म्हणून त्यावर पोलादी जाळी पसरतात, लांब सळ्या खडकात खोल रोवून ती जखडतात. त्या सळ्या खरंच धरून आहेत का, हे जॅकनं ओढून पाहायचं, ते प्रज्ञाचं काम. "बाकीचे बांधतात, मी उपटून बघते," असं ती ऐटीत सांगायची.

ती ऐट उत्तराखंडातल्या एका रस्त्यावर संपली. मला तिनं ते एकदाच सांगितलं, बाल्कनीत बसून, चहा गार होईपर्यंत. चाचणीत एक सळई सरकली. ताण तेवढाच ठेवला तरी सळई किती सरकली ते दाखवणारा काटा पुढे पुढेच जात राहिला. शेजारच्या ओढल्या, त्यांचंही तेच. वर घराएवढा दगड सुटलेला, आणि रस्ता दुसऱ्या दिवशी खुला व्हायचा होता. साइटवरचे साहेब म्हणाले, "मैडम, थोड़ा ही तो है, चलने दो।" ती नाही म्हणाली. नव्या सळ्या बसेपर्यंत रस्ता बंद राहिला, माणसांनाही. त्याच दिवसांत वरच्या गावातल्या एका बाईला बाळंतपणात रक्तस्राव सुरू झाला. लोकांनी तिला उचलून लांबच्या पायवाटेनं खाली आणायला घेतलं… ती वाटेतच गेली. बाळही.

आणि दगड पडलाच नाही. तेव्हा नाही, पुढच्या कुठल्याही पावसात नाही.

"पण तू बरोबरच होतीस ना," मी म्हटलं.

"काटा सरकत होता, हे मला माहीत आहे वैजू. दगड पडला असता का, ते नाही माहीत. आता ते कुणालाच कळणार नाही."

त्यानंतर ती काम करत राहिली, हसतही राहिली, पण भिंत वाजवावी असं नाही. दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर कधी जेवायला गेलो, तर बोलता बोलता गप्प व्हायची आणि तिचं बोट टेबलावर कणाकणानं पुढे सरकत राहायचं. मी हात धरला की थांबायचं. दर वर्षी पाऊस संपला की ती चार दिवस तिकडे जायची. "जाळी बघून येते," एवढंच सांगायची.

तिच्या भावानं तिचा मोबाईल माझ्याकडे ठेवला आहे, ऑफिसातल्या लोकांचे फोन येतात म्हणून. गेल्या आठवड्यात तो वाजला. "मैडम, इस साल आप आईं नहीं?" एका पुरुषाचा आवाज. मी सांगितलं. मग तो कोण, ते त्यानं सांगितलं. तो त्या बाईचा नवरा होता. प्रज्ञा दर वर्षी त्याच्या अंगणात येऊन बसायची, चहा घ्यायची, फारसं न बोलता निघायची.

"आपको गुस्सा नहीं आता था?" मी विचारलं.

"पहले आता था। रोज़ उसी रास्ते से जाता हूँ जी, ऊपर देखता हूँ। एक बार मैडम से कह दिया था… कभी मन करता है, पत्थर गिर ही जाए। तो लगे कि वो किसी वजह से गई।"

"फिर? वो क्या बोली?"

"बोलीं, भैया, मेरा भी यही मन करता है।"

फोन ठेवण्याआधी त्यानं विचारलं, "अब जाली देखने कौन आएगा?"

जाळीतलं मला काहीच कळत नाही. मी त्याला विचारलं, तुमच्या गावाला बस कुठून मिळते.