आकाशपाळण्यातली भाकरी

नागलीच्या भाकरीचा खरपूस वास आला की मला कोरोनाच्या काळात नाशिकच्या पार्कात भरलेला खाद्यमहोत्सव आठवतो. धास्तीने वडील घरातही मास्क काढत नसत. माझ्या हट्टापायी ते तिथे आले होते. सुरगाण्याहून आलेल्या, स्टॉलवरच्या मावशींनी चुलीवरची भाकरी आणि ठेचा हातात दिला, पण माणसांत मास्क काढायचा कसा, म्हणून ते नुसतेच उभे राहिले. मावशी म्हणाल्या, "बाबा, त्या समोरच्या आकाशपाळण्यात बसून खा ना. वर कोण येतंय तुमच्याजवळ?" पाळणेवाल्याने आम्हा दोघांनाच बसवलं आणि पाळणा अगदी वर नेऊन थांबवला. वडिलांनी मास्क काढला, भाकरी खाल्ली आणि खाली ओरडले, "अजून थोडा वेळ राहू दे रे!" कित्येक महिन्यांनी त्यांचा आवाज असा मोकळा ऐकला. आता ते दिवसभर घर डोक्यावर घेतात. मी मात्र मनातल्या मनात त्या मावशींना हात जोडते.