बुडालेल्या कारखान्यातली माणसं

आमच्या धंद्यात केस संपली की फायलींचा गठ्ठा बांधून माळ्यावर जातो. किस्से मात्र जात नाहीत. कुणी चहा पाजला की एकामागून एक निघतात.

मी सांगलीत दिवाळखोरीची प्रकरणं बघणाऱ्या एका सरांच्या हाताखाली काम करते. एखादी कंपनी ‘आम्ही बुडालो’ असा अर्ज करते, न्यायाधिकरण तिचा कारभार सरांकडे देतं आणि सर मला पुढे धाडतात. काही खरंच बुडालेले असतात, काही नुसते बुडी मारून बसलेले. हे किस्से कुपवाडच्या एका कारखान्यातले, आणि मालक दुसऱ्या प्रकारातले.

*

पहिल्याच दिवशी वॉचमन बिरूमामांनी मला गेटवर अडवलं. ते आटपाडीकडचे. आधी मेंढरं राखायचे, आता गेट राखत होते. मालकांनी कुणालाच आत सोडू नको म्हणून सांगितलेलं. मी ऑर्डरचा कागद दाखवला आणि म्हटलं, मामा, आजपासून मालकांच्या जागी आम्ही. त्यांनी मला बघितलं, माझ्या स्कूटीला बघितलं आणि गेट उघडत म्हणाले,

“मग म्याडम, माझा दोन म्हैन्यांचा पगार तुमच्याकडंच की आता!”

*

मालक भेटायला आले ते पेढे घेऊन. साताऱ्यात त्यांच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत झाली होती. सरांनी पेढा हातात धरूनच विचारलं, अहो, तुमची कंपनी बुडालीय ना?

“कंपनी बुडाली हो. मी कुठं बुडालोय?”

इतकं स्पष्ट कायद्याच्या पुस्तकातही लिहिलेलं नाही. पेढे चांगले होते, हे मान्य करायला हवं.

*

एकदा अर्ज मान्य झाला की वसुलीला कुणी दारात येऊ शकत नाही. मग आपलाच माणूस पुढे करून तोच कारखाना स्वस्तात परत घ्यायचा, अशी ही युक्ती. आमच्याकडे कारखाना घ्यायला म्हणून पुण्याचे एक गृहस्थ आले. हा कारखाना आपण आयुष्यात पाहिला नाही, असं चार वेळा म्हणाले आणि बाथरूमला गेले. त्या बाथरूमचं दार जरा उचलून गुडघ्याने दाबल्याशिवाय कडी लागत नाही. मला ते जमायला आठ दिवस लागले. यांनी एका झटक्यात लावली.

बिरूमामा हळूच म्हणाले, “पावणं घरचंच दिसत्यात.”

ते मालकांचे मेव्हणे निघाले.

*

खोटा अर्ज करणाऱ्याला जबर दंड बसवणारा नवा कायदा येणार, अशी तेव्हा जोरात चर्चा होती. सरांनी चहाच्या गाड्यावर कामगारांना तो समजावून सांगितला. सगळे खूश झाले. सगळ्यात जुने फिटर मुलाणी मिस्त्री तेवढे बशीत चहा ओतत राहिले. मग म्हणाले,

“सायब, दंड भरायला पैसं न्हाईत म्हनून त्यानं परत दिवाळखोरीचाच अर्ज केला तर वं?”

सरांनी चहा खाली ठेवून डायरी काढली. सरकारने कायद्याच्या मसुद्यावर सूचना मागवल्या होत्या; आमच्या ऑफिसातून एकच गेली, ती मिस्त्रींची.

*

काम बंद, पगार बंद, तरी मिस्त्री दर शनिवारी येऊन एकेका मशीनला तेल घालायचे. गंजलेलं मशीन दिसलं की घेणारा भंगाराचा भाव करतो आणि बावीस माणसं घरी बसतात, ही त्यांना काळजी. त्यांच्या डब्यात माझ्यासाठी एक भाकरी जादा असायची. एकदा आभार मानले तर चिडले, म्हणून इथे मानते. आमचं काम त्या माणसांच्या जिवावर झालं, आमच्या अकलेवर नाही.

*

तो कारखाना आता आष्ट्याच्या एका उद्योजकाने घेतलाय आणि बावीसही जण कामावर आहेत. ते कशामुळे झालं, ते सांगते.

मालकांच्या यादीत सात मशिनं होती. शेडमध्येही सातच. कामगार म्हणायचे, अकरा होती, चार अर्जाच्या आधीच हलवली. पण खरेदीची बिलं गायब. त्या चारांशिवाय कारखाना मेव्हण्यांखेरीज कुणीच घेणार नव्हतं, आणि मेव्हण्यांना तरी तो चालवायचा कुठे होता? पुरावा मिळाला नाही तर सगळं संपलं, हे मी मिस्त्रींना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा जण पिशव्या घेऊन आमच्या ऑफिसात हजर. पिशव्यांत घरच्या भिंतींवरून काढलेल्या फ्रेमा. खंडेनवमीला मशिनांची पूजा झाली की प्रत्येक मशीनवरचा मुख्य कारागीर बायकामुलांना घेऊन आपापल्या मशीनशेजारी फोटो काढून घ्यायचा. अकरा फोटो, अकरा मशिनं, नंबरासकट. आणि प्रत्येक फोटोत नारळ हातात धरून हसणारे मालक!

प्रती न्यायाधिकरणात दाखल झाल्या. आठवड्याच्या आत भर दुपारी गेटवर ट्रक आला. कुणी पाठवलं ते विचारू नका, चार मशिनं उतरवून घ्या, एवढंच ड्रायव्हर म्हणाला. ताडपत्री काढल्यावर मिस्त्री एकेका मशीनपाशी वाकून बघत राहिले. चारही मशिनांवर गेल्या खंडेनवमीचं हळदीकुंकू तसंच होतं. कुणी पुसलं नव्हतं.

मिस्त्रींनी फडक्याने सगळी धूळ पुसली, तेवढी जागा सोडून. मग खिशातून मोबाइल काढला आणि आमच्यासमोरच मालकांना फोन लावला.

“शेट, मुलाणी बोलतोय. चारीबी मशिनं मिळाली. यंदाबी नारळ फोडायला तुमीच या.”