वळणाच्या बाहेरच्या काठावर

नदीच्या वळणावर, आणि तेही बाहेरच्या काठावर, मी घर बांधलं. दुसऱ्या कुणी बांधलं असतं तर म्हटलं असतं, जाऊ दे, ठाऊक नसेल. पण मी शाळेत भूगोल शिकवत होते! वळणावर पाणी बाहेरचा काठ खातं आणि आतल्या काठाला गाळ टाकतं, हे फळ्यावर आकृती काढून पोरांच्या डोक्यात कोंबत होते. आकृतीतला बाण चुकला की मार्क कापत होते. आणि शाळा सुटल्यावर त्याच बाणाच्या टोकावर उभी राहून म्हणत होते, "इथं वारा काय छान येतो!"

दहिवलीच्या पुढचा हा तुकडा बघायला गेलो तेव्हा ह्यांनी विचारलंही होतं, "काठ ढासळणार नाही ना गं?"

"ढासळेल की. हजारो वर्षांनी! भूगोलातली कामं अशी घाईनं होत नसतात."

कडक इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स आणि अक्कल शाळेच्या कपाटात कुलूपबंद. ती बाई आज समोर आली तर तिला बाकावर उभी करीन.

बरीच वर्षं नदीनं माझी अब्रू राखली. पावसाळ्यात हातभर काठ न्यायची. मी म्हणायचे, हातभरानं काय होतंय. मग फणस गेला. मग कपडे धुवायचा दगड. यंदा श्रावणात पाऊस थांबेचना, आणि एका दुपारी मागचं अर्धं अंगण आवाजसुद्धा न करता खाली बसलं. स्वयंपाकघराच्या भिंतीला उभी भेग गेली. तिच्यातून मला गढूळ पाणी दिसत होतं.

मी वेडी झाले. पुढच्या अंगणातली माती खणून पोत्यांत भरायची आणि मागच्या काठावर नेऊन रचायची. हे दम्यानं बेजार, दारात खुर्ची टाकून बघत होते.

"अगं, नदी मागून खातेय ते पुरत नाही म्हणून तू पुढून भरवतेयस का तिला?"

एरवी मी फिदीफिदी हसले असते. त्या दिवशी हसू आलं नाही. पोती एकेक करून सरकत पाण्यात गेली. फरशीचे तुकडे टाकले, पाटा टाकला. नदीला हात जोडले, शिव्याही घातल्या. तिला दोन्ही सारखंच.

काठ बघायला आलेल्या सरकारी माणसांनी घर लगेच सोडायला सांगितलं. टेंपोत सामान चढत असतानाच स्वयंपाकघर गेलं, ओट्यासकट. ह्यांनी तिकडं मान वळवली नाही. "आता कुठं जायचं गं?" एवढंच विचारलं. मी, भूगोलाची बाई, रस्त्याकडेला बसले आणि रडले, लहान पोरीसारखी, नाक वाहेपर्यंत.

आमच्या दारावर भाजी घेऊन येणारी बाई, जिचा मळा खालच्या वळणाच्या आतल्या काठाला आहे, ती तेवढ्यात आली. पाटी उतरवून माझ्या शेजारी टेकली. पडलेल्या भिंतीकडे बघत म्हणाली,

"नका रडू, बाई. तुमचं आंगान काय लांब नाय गेलं, आमच्या मळ्यात येऊन पडलंय. पानी उतरलं की आमी त्यात वाल टाकनार हाय. शेंगा धरल्या की निरोप देते, या तोडायला. पन मातीचं भाडं मागू नका हां!"