चार नंबरच्या बेडवरचं मत

आयसीयूच्या दाराबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर ताटकळलेल्या माझ्या सगळ्या नातेवाईक बंधू-भगिनींनो, तुमची-माझी तक्रार एकच आहे. आपल्या माणसाला भेटू देत नाहीत... आणि सोडलं तर पाच मिनिटांत बाहेर काढतात.

ही तक्रार मी माजिवड्याच्या एका हॉस्पिटलात वॉचमनपासून मेट्रनपर्यंत सगळ्यांना ऐकवली आहे. भाषणं करण्यात माझी हयात गेली, त्यामुळे चांगल्या खणखणीत आवाजात ऐकवली.

आत चार नंबरच्या बेडवर माझा धाकटा भाऊ सुहास होता. दिव्याला राहतो, वय सेहेचाळीस. सोमवारी पायांना मुंग्या आल्या, बुधवारी उभं राहता येईना आणि शुक्रवारी श्वास घेता येईना... डॉक्टरांनी सांगितलं, गियां-बारे. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती नसांवर उलटते. माणूस बरा होऊ शकतो, पण वेळ लागतो.

घशात नळी, व्हेंटिलेटर, हात-पाय निपचित. फक्त पापण्या हलत होत्या. त्या हलतात एवढंच आम्ही पाहिलं... का हलतात, हे विचारलं नाही.

पाचव्या दिवशी संध्याकाळच्या भेटीच्या वेळी मी आणि सुहासच्या बायकोचे मामा, दोघंही वॉचमनशी भांडून एकदम आत गेलो. विषय गंभीर होता. सुहासच्या मुलीचा, मानसीचा साखरपुडा पुढच्या रविवारी डोंबिवलीत ठरलेला होता. हॉल घेतलेला, पाहुण्यांना कळवलेलं.

मामांनी बेडच्या कठड्यावर हात ठेवून निकाल दिला. "बाप असा पडलेला असताना शुभकार्य कसलं? पुढे ढकला. दिवाळीनंतर बघू... तोवर काय ते कळेलच."

मी मान डोलावली. मानसीला कोण सांगणार, मुलाकडच्यांना कोण फोन करणार, सगळं आम्ही तिथेच ठरवलं. सुहासच्या छातीवरून, या बाजूने त्या बाजूला.

तेवढ्यात मॉनिटर वाजायला लागला. ड्यूटीवरच्या सिस्टर आल्या, आकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिलं. कल्याणजवळच्या एका आगरी गावातल्या, तिशीच्या आतल्या बाई.

"सर, ते ऐकतायत," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून सगळं ऐकतायत. डोकं एकदम शाबूत आहे त्यांचं."

मामांनी कठड्यावरचा हात काढून घेतला.

मग त्या सुहासकडे वाकल्या. "दादूस, तुम्हालाच विचारते. हो असेल तर एकदा डोळे मिटा, नाही असेल तर दोनदा. साखरपुडा पुढे ढकलायचा?"

पापण्या मिटल्या. उघडल्या. पुन्हा मिटल्या.

"चुकून मिटले असतील," मामा पुटपुटले.

"म्हणूनच आम्ही उलटं करून परत विचारतो," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "दादूस, ठरलेल्या रविवारीच करायचा?"

एकदाच मिटले. घट्ट, आणि बराच वेळ.

आजाराने माझ्या भावाचे हात-पाय नेले होते, श्वास नेला होता... पण त्याचं मत आजाराने नेलं नव्हतं. ते आम्ही नेलं, त्याच्या डोळ्यांदेखत.

सिस्टरनी विचारलं, आणखी काही सांगायचंय का. एकदा पापणी. त्यांनी ड्रॉवरमधून एक लॅमिनेट केलेला तक्ता काढला. मराठी अक्षरांचा, त्यांनी स्वतः स्केचपेनने लिहिलेला. हॉस्पिटलचा होता तो इंग्रजीत, आणि आपल्या पेशंटना जीव घशाशी आलेला असताना एबीसीडी कुठे सुचणार...

सिस्टर एकेका ओळीवर बोट ठेवत, थांबत. 'प'च्या ओळीवर पापणी मिटली. मग प, फ, ब... भ. मग काना.

"भाकरी म्हणतोय. भूक लागली असेल," मामा म्हणाले. दोनदा पापणी.

पाच मिनिटं केव्हाच संपली होती. त्या दिवशी सिस्टरनी घड्याळाकडे पाहिलं नाही. मी मात्र पाहत होतो, वीस मिनिटं लागली. वीस मिनिटांत माझ्या भावाने दोन शब्द लिहिले...

'भाषण नको.'

सिस्टर तोंडावर हात ठेवून हसल्या. मामा हसले. मला हसू आलं आणि रडूही... कारण हा सुहासच होता, अख्खाच्या अख्खा. घरातल्या प्रत्येक समारंभात मी उभा राहिलो की जेवण थंड होतंय म्हणून कुरकुरणारा तोच.

साखरपुडा रविवारीच झाला. हॉलवाल्याने सवयीने माइक माझ्या हातात दिला, मी तो मानसीच्या हातात ठेवला. तिने बाबांचं नाव घेतलं आणि सगळा हॉल उभा राहिला.

आता सुहास व्हेंटिलेटरवरून निघालाय. जाड दांड्याचा चमचा हातात धरतो, निम्मं वरण सांडतो आणि पुसायला गेलं तर ओरडतो. मला त्याचा अभिमान आहे. त्याच्याहून जास्त त्या सिस्टरचा आहे. कूस बदलण्याआधी त्या त्याला सांगायच्या, घशातला कफ काढण्याआधी सांगायच्या. शेजारच्या बेडवर मेंदूचं ऑपरेशन झालेले आजोबा होते, कित्येक दिवस डोळे न उघडलेले... त्यांनाही रोज सकाळी आज कोणता वार आहे ते सांगायच्या. मला तेव्हा ते वेडेपणाचं वाटायचं.

इतकी वर्षं मी हजारो माणसांशी बोललो. समोरच्याला बोलायचंय का, हे विचारायला त्यांनी मला एका तक्त्याने शिकवलं.

तेव्हा बंधू-भगिनींनो, पाच मिनिटांसाठी दारावर भांडू नका. उद्या आत जाल तेव्हा बेडजवळ गेल्या गेल्या आपल्या माणसाला नावाने हाक मारा आणि तुम्ही कोण आलात ते सांगा... मग त्याच्या पापण्यांकडे बघत थांबा.